मागच्या खोलीतलं तळं

“ताई, लव्हबर्ड अन् फिंच एका पिंजऱ्यात घालू नका. जागा कमी हाय, एखाद्याचा पाय जाईल,” असं देविदासनं मला बजावलं होतं आणि मी हसले होते. बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं पक्ष्यांचं दुकान. दुकान म्हणजे तीन भिंती आणि वर पत्रा. अडीच वर्षांची विशू माझ्या कडेवर बसून कानातलं ओढत होती, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि मला वाटलं, हा दुसरा पिंजरा खपवतोय. शिवाय मी बी.एस्सी. झालेली. इथं सगळे ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो खरा बजरीगर, ऑस्ट्रेलियाचा, हे मला माहीत होतं. देविदासला बहुधा नसावं. दोन्ही एकाच पिंजऱ्यात घातले. अठराव्या दिवशी सकाळी, दूध उतू जायच्या बेतात असताना, पिंजऱ्यातून एक बारीक, लांब, चिरलेला आवाज आला. गॅस बंद करून गेले तर चिमणीहून छोटा एक फिंच चोचीनं जाळीला लटकला होता आणि त्याचा डावा पाय अर्ध्यातून नव्हता. रक्त फार नव्हतं. झोक्याच्या काडीवर दोन थेंब, खालच्या कागदावर एक. विशू फ्रॉकची कड दातात धरून बघत होती. “बाऊ,” ती म्हणाली. हिरवा बजरीगर राळा खात होता. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, तोंडावर काही दिसतंय का म्हणून. टरफल काढायचं, दाणा गिळायचा, टरफल थुंकायचं. त्याचं काही चुकलेलं नव्हतं. दीड फूट जागेत कुणीतरी दुसरा जीव आणून घातला होता, आणि आणून घालणारी मी होते.

प्रज्ञेशनं, माझ्या नवऱ्यानं, जखमेवर हळदीची चिमूट दाबली. तो हळदीच्या अडतीवर कामाला आहे. आमच्या घरात कुठंही हात घातला की हळद लागते. फिंच जगला. दुपारपर्यंत एका पायावर उभा राहायला शिकलाही, पंख जरा फाकवून, तोल सांभाळत, जणू कुणी बघत नाहीये असं दाखवत. त्याच दुपारी विशूला झोपवून मी टेप घेतला आणि मागची खोली मोजली. बारा बाय दहा. पूर्वेला खिडकी, कोपऱ्यात मोरी. गेल्या वर्षापर्यंत तिथं हळदीची पोती रचलेली असायची, त्यामुळे भिंती कमरेपर्यंत पिवळ्या. मी तीन दिवस त्या भिंती घासल्या. पिवळं पाणी मोरीतून गल्लीच्या नालीत वाहत गेलं तेव्हा समोरच्या काकूंनी विचारलं, “कुणाचं लगीन हाय का गं, एवढी हळद?” घरी मी सगळ्यांना सांगितलं, इथं पक्ष्यांसाठी खोली करायची. आत झाडं, जिवंत माती, मधोमध छोटं तळं. पक्षी मोकळे उडतील. विशू शिकेल. यातलं काहीच खोटं नव्हतं. एवढंच सांगितलं नाही की ते तळं मला माझ्या बाबांसाठी हवं होतं.

बाबा, मुंजाजी त्यांचं नाव, चौतीस वर्षं सिद्धेश्वर धरणावर दरवाजे चालवायला होते. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ते तिथंच गावात दोन खोल्यांत एकटे राहतात, कारण मागच्या दारातून पाणी दिसतं. मी म्हणायची, बाबा, हिंगोलीला चला. ते म्हणायचे, “पाणी दिसल्याबिगर मला सुदरत न्हाई, बाई.” सुदरत नाही म्हणजे सुचत नाही, करमत नाही, दोन्ही. मग चैत्रात ते कालव्याच्या पायऱ्यांवर घसरले आणि मासे धरणाऱ्यांनी उचलून आणेपर्यंत तिथंच पडून राहिले. किती वेळ, ते सांगत नाहीत. मला हे आठव्या दिवशी कळलं, तेही ते विशूला खाऊ घेऊन आले आणि सदरा वर सरकला तेव्हा. बरगडीवर जांभळा-हिरवा डाग, जवारीच्या भाकरीएवढा. त्या दिवसापासून माझ्या कानाला एक वेगळंच काम लागलं आहे. रोज सकाळी सातला मी फोन करते आणि ते काय बोलतात ते ऐकत नाही, कसे बोलतात ते ऐकते. ताट वाजलं का. चूल पेटली आहे का. बोलताना उभे आहेत की बसलेत. विशू तान्ही असताना मी तिच्या छातीवर तळवा ठेवून बसायची, श्वास मोजत, आणि सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, म्हणायच्या, “लेकराला चेपून मारशील माय.” तो तळवा आता मी फोनवर ठेवते.

मी सात-आठ वर्षांची असेन. दरवाजे बंद केल्यावर धरणाखालच्या खडकांत डबकी राहायची, त्यात मासे अडकायचे आणि पक्ष्यांची झुंबड उडायची. बगळे, ढोकऱ्या, खंड्या, लाल चोचीच्या टिटव्या, लांब पायांचे चित्रबलाक. आई माझी वेणी मुठीत धरून उभी राहायची, मी पुढं जाऊ नये म्हणून. अजून कुणी मागून केसाला हात लावला की मला ओल्या खडकाचा वास येतो. मी बाबांना विचारलं होतं, हे भांडत काहून न्हाईत? बाबा ड्यूटीवरून आलेले, हाताला ग्रीस, विडी पेटवता पेटवता म्हणाले, “जागा भरपूर अन् ज्याची त्याची उंची येगळी. एक काठावर, एक घोट्याएवढ्या पाण्यात, एक गुडघ्याएवढ्या. कोण कोणाला टोचंल?” कॉलेजात हेच मी वहीत इंग्रजीतून उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं, चांगले मार्क पडले, आणि देविदासच्या दुकानात विसरले.

म्हणून आता विसरायचं नाही असं ठरवलं. विशूच्या चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानांवर खोली काढली. खालून वर. जमिनीवर चालणारं कुणीतरी हवं: डायमंड डव्ह, मुठीत मावणारी, गरीब कबुतरं. मधल्या झुडपात झेब्रा फिंच आणि बंगाली फिंच. वर, खिडकीच्या उंचीला, बारीक फांद्या. बजरीगर कुठंच नाही. त्यांच्यासाठी पुढच्या ओट्यावर वेगळा, लांब पिंजरा. आपल्याकडच्या मुनिया किती गोड, पण देविदास कानाला हात लावून म्हणाला, “न्हाई ताई, रानातला पक्षी आपुन ठेवत न्हाई. कायद्यानं जेल हाय, अन् पाप येगळंच.” या वेळी मी त्याचा शब्द न् शब्द लिहून घेत होते, तो दबकून बोलायला लागला. कण्हेर नको, मनीप्लांट नको, चोच लावली तर विष. जास्वंद चालेल, बांबू चालेल, अरेका, स्पायडर प्लांट, खाली दुर्वा. मातीत खत नाही. घरात मच्छर अगरबत्ती बंद, नॉनस्टिक तवा बंद, त्याची वाफ पक्ष्याला मारते. दाराला दार: बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, म्हणजे पक्षी निसटणार नाही. नवा पक्षी महिनाभर वेगळा, आजार नाही ना हे बघायला. आणि सोडायचे ते सगळे एकाच दिवशी. जो आधी येतो तो जागेचा मालक होतो आणि नंतर आलेल्याला चोच दाखवतो. हे लिहिताना माझं पेन थांबलं होतं. सहा वर्षांपूर्वी या घरात आले तेव्हा पहिले चार महिने मी चहाचा कप कुठल्या खुंटीला अडकवायचा हे विचारून अडकवायची. कुणी मला टोचलं नव्हतं. पण पंख मिटून बसायची सवय लागायला टोचावंच लागतं असं नाही.

तळ्याचं पान मी सगळ्यात जास्त वेळा फाडलं. पाच फूट लांब, तीन रुंद, एका बाजूनं उतरतं, काठाला अर्धा इंच पाणी म्हणजे पक्षी आंघोळ करतील, आणि खोल बाजूला नऊ इंच. नऊ इंच लिहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन बादलीत वीत बुडवून बघितली. माझी वीत आठ इंच भरते. विशू बादलीजवळ वाकते तेव्हा तिचं डोकं आधी जातं; लहान लेकरांचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. मी रिकामी बादली आडवी करून तिच्यापुढं ठेवली, ती आत शिरली, आतून हसली, आणि ते पत्र्यात घुमलेलं हसू मला दोन दिवस सोडत नव्हतं. तळं रद्द करायचं माझ्या मनात आलं. मग वाटलं, आपल्या शहरात नळ आठवड्यातून एकदा येतो, प्रत्येक घरात ड्रम, टाकी, हौद भरलेला असतो, मी किती पाण्यावर झाकणं घालत फिरणार? नळाला येतं ते पाणीसुद्धा सिद्धेश्वरचंच. तेव्हा तळं राहील, पण पाण्याच्या पातळीखाली दोन बोटांवर लोखंडी जाळी, दगडांवर घट्ट बसवलेली, माझं वजन पेलेल इतकी. मी स्वतः तिच्यावर उभी राहून बघेन. मासे जाळीखाली, गप्पी, डासांच्या अळ्या खायला. हे लिहिलं आणि त्या रात्री खूप दिवसांनी मला सलग झोप लागली.

घरात मात्र यावर जेवताना रोज खडाजंगी. “दाराला दार,” आत्या म्हणायच्या. चांगुणाबाई त्यांचं नाव, साठीच्या, आवाज खणखणीत. “बँकेवाणी. पक्षी काय दागिने घालून बसणार हायेत का?” प्रज्ञेश घास तोडत म्हणायचा, “झाडं आत, तळं आत, पक्षी आत. आपुन बाहेर झोपायचं का मग?” मी ताकाची वाटी पुढं सरकवायची. वहीतल्या पानावर खोलीच्या पुढच्या भागात, पक्ष्यांच्या जाळीच्या अलीकडे, मी एक चौकट काढली होती, सहा बाय अडीच, आणि तिच्यात काही लिहिलं नव्हतं. वही फ्रिजवर असायची. एकदा आत्या ती हातात धरून उभ्या दिसल्या. मला बघताच त्यांनी ठेवून दिली आणि त्या दिवसापासून त्यांचे टोमणे थांबले. मला वाटलं, मानलं यांनी. त्या गप्प आहेत, भाजीला मीठ कमी घालताहेत, दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपताहेत, हे सगळं मला दिसत होतं. मी दिवसभर बघतच असते, तरी त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही.

बाबांना मी तळ्याच्या उतारासाठी बोलावलं. पाण्याचं काम म्हटल्यावर ते सकाळच्या पहिल्या जीपनं आले, काखेत पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि विशूला भुईमुगाच्या शेंगा. गवंडी जळबा आधीच कुदळ लावून बसला होता. बाबांनी त्याला थांबवलं. “जळबा, पाणी आणणं सोपं हाय. जाणार कुठून ते आधी सांग.” “मोरीत, दादा.” “मोरी वर हाय, तळं खाली. पाणी काय पायऱ्या चढून जाणार हाय?” जळबा डोकं खाजवत हसला. बाबांनी माझी वही मागितली. चौतीस वर्षं नकाशे वाचलेला माणूस. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं आणि बोट फिरवत फिरवत त्या चौकटीवर आणलं.

“हे सहा बाय अडीच काय हाय?”

“पोती ठेवायला. दाण्याची.”

“पोत्याला उशाकडून खिडकी कशाला लागती, बाई?”

मी विशूच्या तोंडातली शेंग काढायला वाकले.  वही मिटून बाबांनी जळबाला तळं खणायचं नाही, मोरीच्या वर उचलून बांधायचं असं सांगितलं आणि तळाला छिद्र कुठं पाडायचं ते खडूनं दाखवलं, मोरीपर्यंत फरशीखालून पाइप, मध्ये एक वॉल्व्ह, म्हणजे आठवड्याला अर्धं पाणी सोडून झाडांना घालता येईल. मग ते हात धुऊन एका पायाच्या फिंचला बघायला गेले. पिंजऱ्यात दोन-तीन पक्षी एकदम फडफडले. कवडशात बारीक पांढरी धूळ उठली, पिसांची, दाण्याच्या टरफलांची, रांगोळीसारखी तरंगत राहिली, आणि बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. खोकला आला. तो त्यांनी दाबला, मग पुन्हा आला, पंचाच्या बोळ्यात. खांदे हलत होते आणि आवाज येऊ द्यायचा नाही असा त्यांचा प्रयत्न होता. मी दारात उभी. गेल्या पावसाळ्यात मीच त्यांना इथल्या डॉक्टरांकडे नेलं होतं. धूळ, धूर टाळा, हृदयावर ताण येतोय, असं त्यांनी लिहून दिलेला कागद माझ्याच कपाटात आहे. कोणता पक्षी कुणाजवळ चालतो, कोणतं पान कुणाला विषारी, तवा, अगरबत्ती, सगळं मी लिहिलं, आणि ज्या माणसासाठी लिहीत होते त्याची खाट पिसांच्या धुळीत, जाळीपासून दीड हातावर काढून ठेवली. पुन्हा तेच केलं होतं मी. फक्त पिंजरा मोठा होता.

बाबा संध्याकाळच्या जीपनं परत गेले. मी कितीही म्हटलं तरी ते आमच्याकडे रात्री राहत नाहीत. मी ती वही जेवणाच्या ताटांमध्ये उघडी ठेवली. म्हटलं, चौकट पोत्यांची नाही. खाट आहे. बाबांना इथं आणायचंय, आणि ही जागा चुकली आहे, त्यांच्या छातीला चालणार नाही, तेव्हा मला मधली भिंत फोडायची आहे. खोलीच्या पलीकडे पत्र्याखालचा बोळ आहे, जिथं तुम्ही मोटारसायकल लावता, तिथं खाट. भिंतीत पाच फूट काच, हवाबंद. खाटेवरून तळं दिसेल, पक्षी दिसतील, धूळ येणार नाही. पक्ष्यांच्या खोलीची हवा पंख्यानं बाहेर. एका दमात बोलले. प्रज्ञेशनं भात कालवायचं थांबवलं. “मग सरळ सांगायचं ना,” तो म्हणाला. “दोन महिने झाले, पक्ष्यायच्या आडून काहून बोलून राहिली? मी काय नाही म्हणणार होतो का? तुझा बाप म्हणजे मला कोण हाय?” त्याच्या आवाजात राग होता आणि तो राग मला बरा वाटला. मग आत्यांकडे बघितलं तर त्या पदरानं नाक पुसत होत्या.

“अन् मी समजले माझी खाट हाय ती,” आत्या म्हणाल्या. “मला कोंबड्यायसंगं ठेवून राहिली म्हणून.”

“आत्या!”

“काय आत्या? वीस दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. म्हणलं, आता बाजरी खायची सवय करावी.” आणि हसायला लागल्या, रडता रडता, विशूही त्यांचं बघून टाळ्या पिटायला लागली. मला हसू येईना. एक गोष्ट न सांगता मी घरातल्या एका बाईला वीस दिवस कोपऱ्यात ढकललं होतं, आणि तिनंही चोच उघडली नव्हती.

भिंत फुटली. काच आली, चार माणसांनी धरून आणली, बोळातून आडवी जाईना म्हणून खिडकीचे गज काढून आत घेतली. जळबानं सिमेंटवर सहा दिवस पाणी मारलं, मग दोनदा तळं भरून ओतून टाकलं, सिमेंटचा चुना माशांना सोसत नाही म्हणून. जाळी बसली आणि मी तिच्यावर उभी राहिले, दोन्ही पायांनी, विशूला कडेवर घेऊन, पाणी घोट्याच्या खाली. काही झालं नाही. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले. तळं शेवटचं भरलं त्या दिवशी बाबा आले होते. त्यांनी वॉल्व्ह दोनदा फिरवून बघितला, धार हातावर घेतली, आणि पलीकडे जाऊन नव्या खाटेच्या कडेवर बसले, पूर्ण नाही, उठायच्या बेतात असल्यासारखे. काचेतून पाणी दिसत होतं. पंप चालू केला की दगडावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज काचेच्या वरच्या बारीक फटीतून यायचा, ती फट मी मुद्दाम जाळीदार ठेवली होती. तिथून धूळ येईल, आता तीही बुजवायची का, असा विचार करत मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पिशवीतून बाटली काढून घोट घेतला.

“दादा,” आत्या म्हणाल्या, “एक इचारू? दरवेळी ही बाटली काहून आणता? आमच्या घरचं पाणी कडू हाय का?”

“न्हाई ताई. सवय.”

“सवय कशाची? लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाईत, तीच ना? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हाय. त्याच्याकडं बघून सांगा.”

बाबा हसले. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. आमच्या घरात असलं काही नव्हतंच कधी. पत्रिका नाही, मुहूर्त नाही, माझं लग्न त्यांनी बुद्धवंदना घेऊन दोन तासांत लावलं. “मी न्हाई मानत, ताई,” ते बाटलीचं झाकण फिरवत म्हणाले. “हिची माय मानायची. तिचा बाप कधी आमच्याकडं पाणी प्यायला न्हाई. मी लई भांडायचो तिच्यासंगं. म्हणायचो, धरणाचं पाणी हाय, ते काय जात, नातं बघून येतं का? ती आयकायची न्हाई. आता ती न्हाई. भांडायला कोणी न्हाई. मी प्यालो तर…”  आत्या उठल्या, फिल्टरचा ग्लास भरून त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेल्या. बाबांनी तो ग्लास गुडघ्यावर बराच वेळ धरला. मग विशूला जवळ बोलावून तिला पाजला. तिच्या गळ्याखाली ओघळलेलं पाणी पंचानं पुसलं. जाताना म्हणाले, “पक्षी महिनाभर येगळे ठेवणार ना? सोडायच्या दिवशी येतो. राहायचं बघू.” हे “बघू” मी याआधी शंभर वेळा ऐकलं आहे, पण या वेळी ते बोलताना त्यांचा हात काचेवर टेकलेला होता.

पक्षी सोडायचा दिवस येत्या रविवारी आहे. फिंच आठ, एका पायाचा धरून, चार कबुतरं. देविदास स्वतः येणार आहे. आणि सोमवारी विशूला कांजण्या उठल्या. अंगावर मोहरीएवढे फोड, ती खाजवते, मी तिचे हात धरून बसते. डॉक्टर म्हणाले, खपल्या धरेपर्यंत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊ नका, त्यांना लहानपणी येऊन गेल्या का विचारा. बाबांना आठवत नाही. प्रज्ञेश कांजण्या उठायच्या आधीच हळदीचा ट्रक घेऊन सांगलीला गेलाय, शनिवारी येईल. आत्यांना मोटारीत उलट्या होतात तरी त्या जाते म्हणाल्या. पण मग तापलेल्या विशूला सोडून मला बाजारापर्यंतही हलता येणार नाही, आणि कांजण्यांच्या घरातून त्यांनाही पाठवता येत नाही. काल सकाळी सातला फोन केला. ताट वाजलं, चूल पेटलेली होती. “बरं हाय,” बाबा म्हणाले. पण ते दोन शब्द दोन वेगवेगळ्या श्वासांत आले. मी पुन्हा विचारलं. “बरं,” आणि मग, “हाय.” आज सकाळीही तसंच. मी म्हटलं, दवाखान्यात जा. म्हणाले, रविवारी तर येऊनच राहिलो. शेजारच्यांना फोन केला तर ते म्हणाले, “बराबर हायेत, सकाळी ओट्यावर दिसले.” दिसले. मला दिसण्यावर भरवसा राहिलेला नाही. मी शनिवारी संध्याकाळी प्रज्ञेशला तसंच्या तसं सिद्धेश्वरला पाठवणार आहे, बाबांना भाड्याच्या गाडीत घालून आधी दवाखान्यात न्यायला; विशूच्या खपल्या धरल्या की इथं, राहायचं की नाही ते मग काचेअलीकडे बसून ठरवू. पण आज गुरुवार आहे. मधे दोन दिवस आहेत आणि मी खिडकीत बसून लेकराचे हात धरलेत.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी धरणाजवळच्या औंढ्याच्या बाजूचं असेल, धरणावर मासे घ्यायला, पाणी बघायला, कशालाही जात असेल, तर एवढं करा. धरणाच्या कामगारांच्या कॅम्पच्या मागं, पाण्याकडे दार असलेल्या दोन खोल्या. मुंजाजी विचारलं की कुणीही दाखवेल. दार जोरात वाजवा, ऐकायला कमी येतं. कसे आहात असं विचारू नका, ते बरं हाय म्हणतील. धरणाच्या दरवाजांबद्दल विचारा, म्हणजे बसवून घेतील. बोलू द्या, आणि बोलताना त्यांचे घोटे बघा, सुजलेत का, अंगठ्यानं दाबलं तर खळगा राहतो का. आणि आतल्या खोलीत खाट आहे, तिच्यावर उशा किती आहेत ते बघा. ते आयुष्यभर एकाच उशीवर झोपत आले आहेत. एक असेल तर तसं मला कळवा. दोन असतील, किंवा भिंतीला गादी टेकवून बसायची जागा केलेली असेल, तर मला फोन करत बसू नका. छातीत पाणी साचल्यानं त्यांना आडवं झोपता येत नाहीये. हात धरा, माझं नाव सांगा, ऐश्वर्यानं पाठवलंय म्हणा, आणि तुमच्याच गाडीत बसवून औंढ्याच्या दवाखान्यात घेऊन जा.